सेकंदाच्या हजाराव्या भागातलं मन

प्रश्न : मानसशास्त्राचा जन्म १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला झाला, असं मुलीच्या बी.ए.च्या पुस्तकात आहे. शास्त्राला अशी जन्मतारीख असते का?

उत्तर : नसते, पण परीक्षेत १८७९च लिहायला सांगा. त्या सुमारास विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांचं संशोधन सुरू झालं. विल्यम जेम्स यांनी हार्वर्डला १८७५ मध्येच उपकरणं मांडली होती, पण ती वर्गात दाखवण्यापुरती. वुंटकडे लोक डॉक्टरेट करायला लागले. माझ्या लेखी फरक तोच.

प्रश्न : मन काही काट्यावर बसत नाही. ते मोजणार कसं?

उत्तर : तत्त्वज्ञ कांट यांचाही आक्षेप साधारण हाच होता : मनाला गणित लागू होत नाही, म्हणून त्याचं खरं विज्ञान होणार नाही. पण पुढे लाइपझिगच्याच एर्न्स्ट वेबर या शरीरशास्त्रज्ञाने माणसांच्या हातात वजनं देऊन फरक कधी जाणवतो ते मोजलं. रिकाम्या पिशवीत चार लिंबं टाकली तर हाताला लगेच कळतं. दहा किलोच्या पिशवीत टाकली तर पत्ता लागत नाही. फरक जाणवायला किती भर लागते, ते आधीच्या वजनाच्या प्रमाणात ठरतं. या प्रमाणावरून, बाहेर भर पडली की जाणीव किती वाढते याचं सूत्र मांडायची कल्पना गुस्ताव फेख्नर यांना २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या सुचली. पुस्तक यायला मात्र १८६० उजाडलं.

प्रश्न : वुंट लोकांना कोचावर झोपवून बोलतं करायचे का?

उत्तर : नाही हो, तो कोच फ्रॉइड यांचा, व्हिएन्नातला आणि नंतरचा. इथे टेबल, तारा आणि हिप यांचं कालमापक यंत्र. आवाज झाला की काटे धावू लागायचे, समोरच्याने कळ दाबली की थांबायचे. सेकंदाचा हजारावा भाग वाचता यायचा. आधी नुसती प्रतिक्रिया मोजायची. मग दोन दिवे, दोन कळा : कुठला लागला ते ओळखून दाबा. दुसऱ्या वेळेतून पहिली वजा केली की उरला तो ओळखण्या-निवडण्याचा वेळ! ही वजाबाकी नेदरलंड्सच्या डॉन्डर्स यांची, १८६८ ची. मला ती जरा भाबडीच वाटते. काम बदललं की सगळी प्रतिक्रियाच बदलते, जुन्यावर नुसता आणखी एक मजला चढत नाही; हा आक्षेप पुढे वुंट यांच्याच शिष्याने, क्युल्पे यांनी घेतला. तरीही विचाराला वेळ लागतो आणि तो मोजता येतो, हे पक्कं झालं.

घरी करून बघा. एकाने फूटपट्टी उभी धरून न सांगता सोडायची, दुसऱ्याने खाली शून्यापाशी उघड्या ठेवलेल्या चिमटीत पकडायची. वीस सेंटीमीटरवर पकडली तर साधारण ०.२ सेकंद गेले.

प्रश्न : भारतात हे कधी आलं?

उत्तर : १९१६ च्या सुमारास, कलकत्ता विद्यापीठात. तो विभाग उभा करणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकले होते, आणि म्युन्स्टरबर्ग वुंट यांच्याकडे.