सांध्यांचे दोन तक्ते एक करू नकोस, मी केले होते

तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष, इंदूर, ॲनाटॉमीची लेखी निघाली पण तोंडीत चार मार्कांनी दांडी उडाली, आणि अडलं कुठे तर सांध्यांच्या वर्गीकरणावर. वर तू विचारतेस, "फायब्रस म्हणजे न हलणारे, कार्टिलेजिनस म्हणजे थोडे हलणारे, सायनोव्हियल म्हणजे भरपूर हलणारे, एवढं तर मला पाठ आहे, मग चुकलं काय?"

अगं, तेच चुकलं. हेच वाक्य मी २००३ साली याच शहरात एका बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर छाती पुढे काढून म्हटलं होतं. (अगंतुगं करते आहे, राग मानू नकोस. माझी भाची तुझ्याच वयाची आहे.)

आधीच सांगते, मी कुठे शिकवत नाही. पेशंट बघते, तेही बहुतेक गुडघे आणि कंबर. तुझ्या विद्यापीठाचं पुस्तक काही वेगळं म्हणत असेल तर परीक्षेत तेच लिही, माझं नाव सांगून वाद घालू नकोस. लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) काय, कॅप्सूल (सायनोव्हियल सांध्याभोवतीची पिशवी) काय, हे तुला येतंच, त्यात शिरत नाही.

तू जो तीन ओळींचा तक्ता पाठ केलायस तो मुळात दोन वेगळ्या तक्त्यांचा खिचडा आहे. पहिला तक्ता विचारतो, दोन हाडांच्या मध्ये आहे काय? तंतू आहेत (फायब्रस), कूर्चा आहे (कार्टिलेजिनस), की वंगणाची पोकळी आहे (सायनोव्हियल)? दुसरा विचारतो, हलतं किती? अजिबात नाही, किंचित, की मोकळं? दोन्हींची उत्तरं बऱ्याचदा जुळतात, म्हणून कुणीतरी आळशी माणसाने ती एका ओळीत लिहिली आणि झेरॉक्सच्या दुकानातून ती ओळ पिढ्यानपिढ्या चालत आली. माझ्याकडे आली ती एका सीनियरच्या वहीतून. दोन रंगांत, पट्टीने आखलेली. इतकी सुबक होती की पुस्तक उघडायची गरजच वाटली नाही.

आता ती ओळ मोडते कुठे ते बघ. पायात घोट्याच्या जरा वर टिबिया आणि फिब्युला ही नडगीची दोन हाडं तंतूंनी बांधलेली असतात. फायब्रस, पण किंचित हलतात. पाऊल वर उचललं की पुढून रुंद असलेलं टेलस हे घोट्याचं हाड मध्ये घुसतं, त्याला जागा द्यावी लागते. उलट वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाला जी वाढीची कूर्चा असते ती कार्टिलेजिनस, आणि ती हलत नाही. हलली तर ती इजा समजायची, थेट ऑर्थोपेडिककडे. पहिली बरगडी उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला, कूर्चेने घट्ट चिकटलेली, तीही हलत नाही. तिच्याखालच्या दुसरीपासून सातवीपर्यंतच्या बरगड्यांचे उरोस्थीपाशी सायनोव्हियल सांधे. एकाच पिंजऱ्यात, बोटभर अंतरावर, जात वेगळी. आणि पुढे ओटीपोटाच्या खाली प्यूबिक सिम्फिसिस (नितंबाची दोन हाडं पुढे जुळतात तो सांधा), मणक्यांमधल्या गाद्या: कूर्चाच, पण किंचित हलणारी. गरोदरपणात तो सिम्फिसिस काही मिलिमीटर सैलावतो, त्याचं दुखणं घेऊन महिन्याला एकदोन बायका माझ्याकडे येतातच.

म्हणजे कार्टिलेजिनसच्या एकाच घरात एक भाऊ ठार अचल आणि दुसरा किंचित चल. प्रायमरी आणि सेकंडरी म्हणतात ते हेच. प्रायमरीत नुसती हायलाइन, म्हणजे गुळगुळीत काचेसारखी, कूर्चा आणि बहुतेक ठिकाणी ती तात्पुरती, पुढे हाड होऊन जाते. सेकंडरीत मधे फायब्रोकार्टिलेजची, म्हणजे तंतुमय कूर्चेची, गादी, आणि हे सगळे शरीराच्या मध्यरेषेवर. "मध्यरेषा" हा शब्द तोंडीत टाक. परीक्षकांना आवडतो.

आता माझी फजिती. टेबलावर नितंबाचं हाड आणि सॅक्रम, म्हणजे कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड. सरांनी कानाच्या आकाराच्या भागावर पेन्सिल टेकवली. "ये कौन सा जोड़?" म्हटलं, सॅक्रोइलियॅक. "टाइप?" आता हा सांधा जवळजवळ हलत नाही एवढं मला माहीत होतं. तक्ता म्हणतो, न हलणारा तो फायब्रस. म्हटलं, फायब्रस सर. ते म्हणाले, "तो फिर ये कॅप्सूल किसका है?" मी घाबरून पलटी मारली: सायनोव्हियल सर. "मतलब फ्रीली मूव्हेबल?" तक्ता म्हणतो, हो. मीही म्हटलं, जी सर, फ्रीली. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "तब तो राजवाडा तक पैदल जाने में आपका आधा कूल्हा पीछे छूट जाता होगा." शेजारच्या टेबलवरची मुलं हसली. पुढचं मला आठवत नाही, दातांबद्दल काहीतरी विचारलं होतं बहुतेक.

खरं उत्तर असं की त्या सांध्याचा पुढचा भाग सायनोव्हियल आहे आणि मागचा भाग जाडजूड लिगामेंट्सनी आवळलेला, म्हणजे फायब्रस. हालचाल दोनचार अंशांची. सायनोव्हियल असूनही जवळजवळ गप्प. काही पुस्तकं त्याला चल आणि किंचित चल यांच्या मधलं जोडनाव देतात, काही "सायनोव्हियल म्हणजे मुक्त चल" असं छापून मोकळी होतात. दोन्ही तक्ते वेगळे ठेवलेस तर हा सांधा सोपा आहे, मिसळलेस की हाच गळ्यात अडकतो. म्हणूनच परीक्षक तो उचलतात.

आणि सगळ्यात चीड कशाची आली सांगू? उत्तर हाडावरच लिहिलेलं होतं. हातात होतं माझ्या! कानाच्या आकाराचा भाग बाकीच्या हाडापेक्षा वेगळा, नीट कडा असलेला, त्याच्यावर जिवंतपणी कूर्चा असते. त्याच्या लगेच मागे हाड खडबडीत, डोंगराळ, तिथे लिगामेंट चिकटतं. डोळे मिटून बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं की इथे दोन प्रकार आहेत. पण मी हाड बघतच नव्हते, डोक्यातली पट्टीने आखलेली ओळ वाचत होते. आजकाल मुलं प्लास्टिकचे बोन सेट घेतात. स्वस्त आहेत, वासही नाही, पण बरेचसे सगळीकडून सारखेच गुळगुळीत. तुमच्या म्युझियममध्ये खरी हाडं असतील तर अटेंडंटशी गोड बोलून तास-दोन तास बसायला मिळतं. ते मिळव.

नापास झाल्यावरची गोष्टही सांगूनच टाकते, कारण तू "रिटोटलिंग (मार्कांची फेरबेरीज) करू का" असं विचारलंयस. मी केलं. परीक्षा विभागाच्या खिडकीवर फॉर्म घेतला, पैसे भरले, पावती मिळाली. आठ दिवसांनी दुसरी खिडकी म्हणाली, अर्ज अपूर्ण आहे, एचओडींची (विभागप्रमुखांची) सही आणा. सही आणली, तर जेवणाची सुट्टी. असं करत पाचव्या फेरीला एका बाबूंनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, प्रॅक्टिकल-वायवा का रिटोटलिंग होता ही नहीं है." हे पहिल्या खिडकीला माहीत नव्हतं का? होतं. पैसे परत? नाही. आणि या गडबडीत पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची तारीख दोन दिवसांवर येऊन ठेपली, ती लेट फी भरून कशीबशी गाठली. सहा महिने गेले, बॅच पुढे गेली. बाबा रोज रात्री जेवताना काही बोलायचे नाहीत, ते जास्त लागायचं. तेव्हा तुझ्याकडचा नियम आधी लेखी बघ, मगच खिडकीवर पैसे सरकव. तुझ्याकडे वेगळा नियम असेलही, मी जुन्या काळचं सांगतेय.

असो. सायनोव्हियलच्या सहा प्रकारांना लोक उगीच घाबरतात. ते पाठ करायचेच नाहीत, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन पोहे खायचे. प्लेट घ्यायला तळहात उताणा केलास, तो पिव्हट: कोपराजवळ रेडियसचं, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं, डोकं कड्यात फिरलं. चमचा तोंडाशी आणताना कोपर दुमडला, तो बिजागरीचा. मनगट चारी दिशांना वाकलं पण स्वतःभोवती फिरलं नाही, तो लंबगोल, एलिप्सॉइड. वरून चिमटीने जिरावण मसाला भुरभुरवलास, अंगठा बोटांसमोर आला, तो अंगठ्याच्या मुळाशी असलेला खोगीर. मनगटातली छोटी हाडं एकमेकांवर जरा सरकली, तो सरकता. आणि मागून कुणी "ए भिया, सरको" म्हणून ढकललं तेव्हा तुझा अख्खा हात खांद्यातून फिरला, तो उखळीचा. लेखीत याच सहाला अक्षांप्रमाणे लाव: बिजागरी आणि पिव्हट एका अक्षाचे, लंबगोल आणि खोगीर दोन, उखळ अनेक. सरकत्याला अक्षात कोंबू नकोस.

गुडघ्यावर पुस्तकांची भांडणं आहेत. कुणी बिजागरी म्हणतं, कुणी सुधारित बिजागरी, कुणी काँडायलर (हाडाच्या गोल टोकांचा). माझं मत, "सुधारित बिजागरी" लिही आणि कारण जोड की तो दुमडलेला असताना थोडा गोलही फिरतो. कारण लिहिलं की मार्क कापायला हात धजत नाही. निदान माझ्या पुरवणीत तरी धजला नाही.

तुझ्या पोस्टखाली एकांनी सुश्रुतसंहितेचा हवाला देऊन "आपल्याकडे हे सगळं आधीच होतं" असं लिहिलंय आणि लगेच दोघं त्यांच्यावर तुटून पडले. मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आहे. पण ते प्रकरण मी माझ्या बीएएमएसवाल्या मावसभावाकडून नीट ऐकलंय आणि ते तुझ्या कामाचं आहे. त्या संहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, २१० संधी मोजलेत: हातापायांत ६८, धडात ५९, मानेपासून वर ८३. त्यांचे आधी दोन प्रकार, चेष्टावान (हलणारे) आणि स्थिर. मग आकारावरून आठ: कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल, शंखावर्त. गंमत अशी की उलूखलात, म्हणजे उखळात, काख आणि जांघेबरोबर दातही घातलेत. आणि चेष्टावान कोणते, तर हातपाय, जबडा, कंबर यांतले; बाकीचे सगळे स्थिर. म्हणजे दात स्थिर, तरीही उखळात! कारण हलणं हा एक प्रश्न आणि आकार हा दुसरा, आणि त्यांनी ते एकमेकांत मिसळले नाहीत. माझ्या सीनियरच्या वहीने मिसळले. कवटीच्या सांध्यांना तुन्नसेवनी म्हटलंय, म्हणजे शिवण. लॅटिनमधून आलेल्या सूचर शब्दाचा अर्थही शिवणच. पण तुझ्या पेपरात हे लिहू नकोस. तुझ्या पेपरात दात म्हणजे गोम्फोसिस (खाचेत खुंटीसारखा रुतलेला सांधा), फायब्रस, अचल. आणि २१० हा आकडा आजच्या मोजणीशी जुळवायलाही जाऊ नकोस, मोजायच्या पद्धतीच वेगळ्या आहेत.

एक वेगळीच टीप, खास आपल्या इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलींसाठी. तुझी शाळा हिंदीतून झाली असेल तर डोक्यात कब्जा संधि, धुराग्र संधि, कंदुक-खल्लिका असले शब्द असतील. आजीकडून बिजागरी आणि उखळ ऐकलं असेल. परीक्षा इंग्रजी नावांवर. तिन्ही येऊ देत, पण पेशंटसमोर सावध राहा. इंटर्नशिपमध्ये आमच्याकडे रामबागेतल्या एक आजी आल्या, "घोटा दुखतोय गं" म्हणत. पर्चा लिहिणाऱ्या हिंदीभाषक मुलाने ऐकलं घुटना. गुडघ्याचा एक्स-रे झाला, त्या वयात गुडघ्यात काहीतरी सापडणारच, ते सापडलं, आणि तीन आठवडे गुडघा शेकला गेला. खरं दुखणं वर सांगितलं त्याच टिबिया-फिब्युलाच्या बांधणीत होतं. पायरीवरून पाय मुरगळला होता. ती बांधणी ताणली की साध्या मुरगळण्यापेक्षा सावकाश बरी होते, त्यात तीन आठवडे असे गेले. तेव्हापासून मी पेशंटला विचारत नाही कुठे दुखतं, म्हणते, बोट लावून दाखवा.

खाली कुणीतरी विचारलंय की बोन सेट कुठे मिळेल. खजुरी बाजारात पुस्तकं मिळतात, सेट बहुधा सीनियरकडूनच घ्यावा लागतो. माझा अजून माळ्यावर आहे, भाचीसाठी ठेवला होता, ती सीएला गेली. त्यात सॅक्रम आहे, दोन्ही नितंबाची हाडं आहेत, एक फिब्युला नाही. तुला हवा असेल तर इथे सांग, या रविवारी झाडूनपुसून काढते.