प्रवासासाठी छोटी सीपॅप मशीन घ्यावी, की घरचीच न्यावी?

तुम्ही लिहिलंय की वडील ६१ वर्षांचे, परभणीला असतात, सहा महिन्यांपासून सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारी मशीन) लावून झोपतात. महिन्यातून एकदा पुण्याला लेकीकडे जातात आणि दिवाळीआधी केदारनाथ-बद्रीनाथला जायचंय, तर तळहातावर मावणारी मशीन घ्यावी का? मी डॉक्टर नाही, लातूरला माझी आडत आहे. पण सात वर्षं नाकाला नळी लावून झोपतोय, आणि मोठी-छोटी दोन्ही मशीन घरात आहेत.

नुसत्या पुण्यासाठी घेऊ नका. घरची मशीन साधारण सव्वा किलोची, गाडीत कुठंही बसते, आणि लेकीच्या घरी प्लग आहेच. प्रवासाची छोटी मशीन, एअरमिनी, ३०० ग्रॅमची, हे खरं. पण त्यात नळी, मास्क, अडॅप्टर धरलेलं नसतं. शिवाय तिला ठरावीकच मास्क चालतात. झेड-टूसारख्या मशीनला साधी नळी लागते, त्यामुळं आहे तोच मास्क लावता येतो. आणि आधी डॉक्टरांची चिठ्ठी बघा. त्यावर बायपॅप (श्वास घेताना एक आणि सोडताना दुसरा दाब देणारी मशीन) लिहिलं असेल तर विषयच संपला, या छोट्या मशीन फक्त सीपॅप किंवा दाब आपोआप कमी-जास्त करणाऱ्या ऑटो सीपॅपच्या असतात.

लोक मशीनचं वजन विचारतात, विजेचं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. छोटी मशीन घेऊन पहिल्यांदा रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघालो. बर्थजवळच्या प्लगला जोडली, मास्क चढवला. समोरच्या काकू घाबरून म्हणाल्या, "ऑक्सिजन लावलाय का हो?" म्हटलं नाही, घोरण्याचं औषध आहे. मध्यरात्री पाण्यात बुडाल्यासारखा दचकून उठलो. मशीन गप्प, मास्क तोंडावर तसाच. चार्जिंगचे प्लग आगीच्या भीतीनं रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवायचे असा रेल्वेचा नियम आहे, हे मला सकाळी कळलं. प्रत्येक गाडीत तो पाळतात असं नाही, पण त्या गाडीत पाळला होता. मास्क काढून तसाच झोपलो. उतरताना काकू म्हणाल्या, "औषध संपलं वाटतं तुमचं."

म्हणून आधी बॅटरी, मग मशीन. मोबाईलची साधी पॉवर बँक चालत नाही. एअरमिनीला २४ व्होल्ट लागतात, तेव्हा त्या मशीनला चालणारीच बॅटरी घ्या. माझी ९५ वॅट-अवरची आहे (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप). १० च्या प्रेशरला एक रात्र पूर्ण निघते, दुसऱ्या रात्री अर्ध्यात संपते. तीच बॅटरी घरच्या मशीनला लावली तर ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) आणि तापणारी नळी बंद ठेवायची, नाहीतर पाणी तापवण्यातच ती संपते. आकडा मुद्दाम १०० च्या आतला घेतला, कारण विमानात १०० वॅट-अवरपर्यंत विचारावं लागत नाही, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. आणि बॅटरी हातातल्या बॅगेतच ठेवायची, सामानात टाकायची नाही. वडिलांना एक गोष्ट बजावून ठेवा: लाईट गेली, मशीन बंद पडली, की मास्क लगेच काढायचा. बंद मशीनच्या मास्कमध्ये आपलाच उच्छ्वास परत आत येतो.

एअरमिनीत पाण्याची टाकी नसते. मास्कजवळ एक छोटी कॅप्सूल बसते, ती आपल्याच श्वासातली ओल धरून परत देते. पाकीट फोडल्यापासून ३० दिवसांनी बदलायची. मुंबईच्या दमट हवेत मला तिची आठवणही होत नाही. मे महिन्यात लातूरला मात्र तिच्या भरवशावर झोपलो तर सकाळी नाक आतून सोलल्यासारखं होतं, तेव्हा घरी मी मोठीच लावतो. (मोठ्या मशीनच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. आमच्या बोअरचं पाणी घातलं तर आठवड्यात तळाला पांढरा थर बसतो.)

आता केदारनाथ. मशीनच्या पुस्तकात 'किती उंचीपर्यंत चालेल' ते लिहिलेलं असतं; एअरमिनीला ८,५०० फूट, घरच्या बऱ्याच मशीनलाही तेवढंच. केदारनाथ ११,७०० फुटांच्या वर आहे, बद्रीनाथ दहा हजारांच्या वर. म्हणजे तिथं छोटी नेली काय, मोठी नेली काय, सारखंच. मी असतो तर मशीनपेक्षा मुक्काम बदलले असते. रात्री गुप्तकाशीला आणि जोशीमठला काढायच्या, दोन्ही या मर्यादेच्या खूप खाली आहेत. बद्रीनाथ जोशीमठहून एका दिवसात होतं. केदारनाथला गौरीकुंडापासून १६ किलोमीटरची चढण, ६१ व्या वर्षी एका दिवसात वरखाली होणार नाही, हेलिकॉप्टरचं बघा. टूरवाले "वरच राहू" म्हणतात, त्यांना पैसे भरायच्या आधीच सांगा. आणि एवढ्या उंचीवर जावं की नाही, हे वडिलांच्या डॉक्टरांनाच विचारा, मी सांगणार नाही.

एवढं करूनही छोटी घ्यायचीच असेल तर दुकानदाराकडून दोन रात्री वापरायला मागा आणि त्या घरीच काढा, काही बिघडलं तर मोठी शेजारी असते. कुणाची वापरलेली स्वस्तात मिळाली तरी नको. फिलिप्सनं जून २०२१ मध्ये आतला फोम झिजतो म्हणून आपल्या लाखो सीपॅप-बायपॅप मशीन परत मागवल्या, त्यातली एखादी अजून फिरत असेल.

पाच मीटरची एक्स्टेन्शन वायर मात्र आजच घेऊन ठेवा. धर्मशाळेत प्लग हमखास दाराशेजारी असतो आणि खाट खिडकीखाली.