डिस्क आत, तरी संगणक ढिम्म

प्रश्न : विंडोजची डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घातली आहे, बायोसच्या (संगणक चालू होताच आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे कुठून सुरू व्हायचं त्या क्रमात, डीव्हीडी पहिली ठेवली आहे. तरी दर वेळी जुनीच विंडोज सुरू होते. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा तुम्ही वेळेवर बटण दाबत नाही आहात, एवढंच. डिस्कवरून सुरुवात होताना काळ्या स्क्रीनवर ‘प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी ऑर डीव्हीडी’ अशी एक ओळ येते आणि काही सेकंदांत निघून जाते. तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं नाही, की संगणक मुकाट्याने हार्ड डिस्ककडे वळतो. मॉनिटर उशिरा जागा होत असेल तर ती ओळ दिसतही नाही. कीबोर्ड वायरलेस असेल तर तेवढ्यापुरता वायरचा लावा. काही वायरलेस कीबोर्ड विंडोज सुरू होईपर्यंत कामच करत नाहीत.

ओळ येतच नसेल, तर तीच डीव्हीडी चालू संगणकात उघडून पाहा. आत ‘बूट’, ‘सोर्सेस’ असे फोल्डर हवेत. त्याऐवजी एकच भलीमोठी आयएसओ फाइल दिसली, तर दोष संगणकाचा नाही. ती फाइल म्हणजे अख्ख्या डिस्कची इमेज असते. नुसती कॉपी करून भागत नाही, इमेज म्हणूनच बर्न करावी लागते. विंडोज ७ पासून आयएसओवर राइट क्लिक केलं की ‘बर्न डिस्क इमेज’ हा पर्याय मिळतो. बर्न करताना वेग कमी ठेवा आणि शेवटी पडताळणीची खूण करायला विसरू नका.

बूट ऑर्डर कायमची बदलण्याच्या मी विरोधात आहे. एकदाच लागणाऱ्या कामासाठी बूट मेनू, म्हणजे या वेळी कुठून सुरू व्हायचं ते विचारणारी यादी, असते. संगणक चालू होताच ठरावीक बटण दाबलं की ती येते: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआयच्या मदरबोर्डवर एफ११. बटण दाबायला वेळच मिळत नसेल, तर विंडोज ८ किंवा पुढच्या आवृत्तीत शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’ करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा.

प्रश्न : माझी डिस्क मित्राच्या संगणकावर व्यवस्थित बूट होते, माझ्या जुन्या संगणकावर मात्र नाही. मदरबोर्ड गेला का?

उत्तर : मदरबोर्डवर इतक्यात संशय नको. आधी एक गोष्ट सांगा: डिस्कवरचं एक तरी अक्षर स्क्रीनवर येतं का? काहीच येत नसेल तर तपास ड्राइव्हपाशीच थांबतो. खूप जुनी ड्राइव्ह फक्त सीडी वाचणारी असू शकते. सीडीत साधारण ७०० एमबी मावतात, डीव्हीडीत ४.७ जीबी, आणि दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी, ही शेवटची जात जुन्या ड्राइव्हना अनेकदा पचत नाही. दुसरी एखादी डीव्हीडी चालते का पाहा. तीही अडखळत असेल तर लेन्स थकली आहे, सरळ पेन ड्राइव्ह वापरा.

पण प्रोसेसर ६४ बिटचा नसल्याची तक्रार आली, तर बूट झालं आहे असं समजा. फक्त डिस्क ६४ बिटची आणि संगणक ३२ बिटचा आहे.

प्रश्न : बूट मेनूमध्ये माझा पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो. एक निवडला तर इन्स्टॉलर सुरू होतो, पण पुढे ‘ही डिस्क जीपीटी प्रकारची आहे’ म्हणून अडतो. डिस्क पुसून टाकू का?

उत्तर : थांबा, काही पुसू नका! दोनपैकी एका नोंदीपुढे ‘यूईएफआय’ (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) लिहिलेलं असेल, तीच निवडा. दुसरी नोंद जुन्या बायोस पद्धतीची आहे. तिच्यावरून सुरू झालेला विंडोजचा इन्स्टॉलर डिस्कची मांडणी (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवण्याची पद्धत) जुन्या एमबीआर प्रकारची असावी असा हट्ट धरतो, आणि यूईएफआयवरून सुरू झालेला नवी जीपीटी मांडणी मागतो. म्हणजे डिस्क चांगली आहे, तुम्ही आत शिरलात ते दार चुकीचं. मंचांवर ‘डिस्कपार्ट (विंडोजचं डिस्कची मांडणी बदलणारं साधन) उघडा, क्लीन टाइप करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. त्या एका शब्दाने डिस्कवरची सगळी पार्टिशनं जातात आणि त्यासोबत तुमचे फोटोही.

यूईएफआयची नोंद निवडूनही सुरक्षेबद्दलचा संदेश येऊन गाडी अडली, तर सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सेटिंग) आडवं आलं आहे. उबुंटू, फेडोरा यांच्या सध्याच्या आवृत्त्यांना त्याची अडचण येत नाही, काही छोट्या लिनक्स वितरणांना येते. तेवढ्यापुरतं ते बंद करता येतं, पण त्याआधी बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का हे बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा, जुनी विंडोज पुढच्या वेळी ती मागू शकते.

प्रश्न : डीव्हीडीवरच्या सगळ्या फाइल्स पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या. बूट होईल ना?

उत्तर : यूईएफआय असेल आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर कधी कधी होतं. मात्र फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवता येत नाही, आणि ‘इन्स्टॉल.विम’ ही विंडोजची मुख्य फाइल हल्ली ती मर्यादा सहज ओलांडते. बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवणारं रूफस किंवा मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरा, डोकेदुखी वाचेल.

प्रश्न : विंडोज ७ ची मूळ डिस्क नव्या संगणकावर बूट झाली, पण भाषा निवडायच्या पानावर माउस-कीबोर्ड दोन्ही मेले.

उत्तर : मेले नाहीत. त्या डिस्कवर यूएसबी ३.० चे ड्रायव्हर नाहीत, एनव्हीएमई (नव्या, वेगवान प्रकारच्या) एसएसडीचेही नाहीत, त्यामुळे पुढे गेलात तरी विंडोज कुठे टाकायची त्या डिस्कची यादी रिकामी दिसेल. ड्रायव्हर डिस्कमध्ये घुसवण्याचे मार्ग आहेत, पण विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला. इतकी खटपट करावी असं मला वाटत नाही.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज ११ आहे, तरी डिस्कची यादी रिकामीच. बायोसमध्ये मात्र एसएसडी दिसते.

उत्तर : इंटेलचा लॅपटॉप असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी नावाची (एसएसडीचा कारभार इंटेलच्या पद्धतीने चालवणारी) सेटिंग शोधा. ती चालू असताना विंडोजच्या इन्स्टॉलरला एसएसडी न दिसणं नेहमीचंच. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, एक्झी फाइल असेल तर ती उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि त्याच पानावरच्या ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवा. व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण त्या एसएसडीवरची आधीची विंडोज जपायची असेल तर तिकडे जाऊ नका. सेटिंग बदलल्यावर ती विंडोज निळा स्क्रीन (बंद पडल्याचा संदेश) दाखवण्याची शक्यता बरीच आहे.