ध्यानाला बसलं की तलफ उलट वाढते, मग काय करायचं?

“मॅडम, डोळं मिटलं की बिडीच दिसायलीय. असल्या ध्यानाचा काय उपेग?”

विचारणारे गृहस्थ निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर काम करतात. वय ४८. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत, इथे त्यांना दादा म्हणते. हाच प्रश्न बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या कितीतरी जणांनी समुपदेशक म्हणून मला विचारलाय, म्हणून त्यांच्या परवानगीने ही गोष्ट लिहिते आहे.

तीस वर्षांची विडी. दिवसाला एक बंडल, लग्नसराईत दीड. सकाळी डोळा उघडल्यावर पाच मिनिटांच्या आत पहिली. हे मी प्रत्येकाला विचारते, कारण पहिली जितकी लवकर, तितकं शरीर निकोटिनवर जास्त अवलंबून.

दादांनी दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं होतं. तिथे तंबाखू बंद, त्यामुळे दहा दिवस एक झुरका नाही. अकराव्या दिवशी निपाणी स्टँडवर उतरले, चहाचा ग्लास हातात आला आणि तो संपायच्या आत विडी पेटली होती. आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. रविवारी विहारात पंचशील म्हणायचं आणि बाहेर येऊन चपला घालताना काडेपेटी चाचपायची, याची इतकी लाज वाटायला लागली की त्यांनी विहारात जाणंच सोडलं. १९२५ साली निपाणीत झालेल्या परिषदेला बाबासाहेब आले होते, तेव्हा दादांचे आजोबा त्यांना ऐकायला गेले होते. “त्या घरातला मी, आन् मला एक बिडी सुटंना.”

आधी ही लाज उतरवणं भाग होतं. पंचशील त्यांना तोंडपाठ. मी ते म्हणायला लावलं आणि ‘सिक्खापदं समादियामि’पाशी थांबवलं. सिक्खापद म्हणजे शिक्षापद, शिकायचा पाठ. काल चुकला तर आज पुन्हा गिरवायचा. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. लाजेपायी कुणाची विडी सुटलेली मी अजून पाहिलेली नाही. लाज विसरायला विडी ओढणारे मात्र रोज भेटतात.

एरवी आम्ही समुपदेशक सांगतो की, विडीची आठवण करून देणाऱ्या गोष्टींपासून लांब राहा. दादांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दिवसभर नाकात जर्द्याचा खकाणा. संध्याकाळी घरी यावं तर सोप्यात आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. त्याच विड्यांवर पोरांच्या शाळेची फी भरली गेली. अशा गावात माणसाने लांब जायचं तरी कुठं? म्हणून तर मला ध्यानाचा आधार मोठा वाटतो. तंबाखू समोर असतानाच ते करता येतं.

“तलफ येते ती नेमकी कुठं?” मी विचारलं.

“डोस्क्यात.”

बंडलातली एक विडी तळहातावर ठेवायला सांगितली आणि घड्याळ समोर ठेवलं. ओढायची नाही, तलफ दाबायचीही नाही, अंगात काय होतंय तेवढं सांगत राहायचं. पहिलं मिनिट काहीच नाही. मग जिभेखाली पाणी सुटलं. जबडा आवळला. उजवा अंगठा विडीच्या लाल दोऱ्यावरून आपोआप मागेपुढे फिरायला लागला, हे त्यांच्या आधी मी पाहिलं. छातीतनं “कायतरी वर सरकायलंय” म्हणाले. कपाळावर घाम आला.

“मॅडम, आता ओढतोच.”

“ओढा. खरं आधी सांगा, आता सगळ्यात जास्त कुठं जाणवतंय?”

“गळ्यात.” थोडं थांबून, “गळ्यातच… खरं मघापेक्षा कमी.”

पाच मिनिटं उलटून गेली होती. अंगठा थांबला होता. विडीकडे बघत दादा म्हणाले, “गेली की ओ!”

मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पाली या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत मात्र सुखाची, दुःखाची किंवा दोन्ही नसलेली, कोणतीही जाणीव म्हणजे वेदना. ‘वेदनापच्चया तण्हा’, वेदनेतून तृष्णा, असं बुद्धवचन आहे. जिभेखालचं पाणी ही वेदना, ‘विडी पाहिजेच’ ही तृष्णा. दोन्हींच्या मधे जागा असते, पण रोजच्या धांदलीत ती दिसायच्या आत हात खिशात गेलेला असतो. डोळे मिटल्यावर तलफ वाढल्यासारखी वाटते ती यामुळे. होती तेवढीच असते, आपण पहिल्यांदा तिला पूर्ण बघतो. शिबिरात चहाची टपरी नव्हती, वखार नव्हती, दोस्त नव्हते. स्टँडवरच्या त्या चहासोबत बसायचा सराव दादांनी केलाच नव्हता.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ जडसन ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये धूम्रपान करणाऱ्या ८८ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १७ आठवड्यांनी पाहिलं तेव्हा सजगता, म्हणजे अंगात-मनात जे होतंय त्याकडे नुसतं बघायचं हे ध्यान, शिकलेल्यांपैकी ३१ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, सिगारेट सोडवायच्या नेहमीच्या कार्यक्रमातले ६ टक्के. आकडा मोठा आहे, पण अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात सजगता इतर उपचारांपेक्षा सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. म्हणून नुसत्या ध्यानावर मी कुणाला सोडत नाही. दादांना डॉक्टरांकडे पाठवलं, निकोटिनचा च्युइंगम सुरू झाला. तो पानासारखा चघळत राहायचा नसतो. जरा चावून गालात दाबून ठेवायचा, आणि चहानंतर पंधरा मिनिटं तरी जाऊ द्यायची, नाहीतर तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण, चिडचिड आणि झोपमोड दोन ते चार आठवडे, हे त्यांच्या बायकोलाही समोर बसवून सांगितलं. अडीअडचणीला १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक लिहून दिला.

सराव ठरला तो चहाचा. रोज वखारीबाहेर उभ्यानेच, ग्लास हातात, डोळे उघडे. श्वास येतोय, जातोय. जिभेखाली पाणी, जबडा, अंगठा.

सात आठवडे नीट गेले आणि चुलत्याच्या दहाव्याला, नदीवर, कुणीतरी पुढं केलेली विडी त्यांनी ओढली. एकीच्या चार झाल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला. मी विचारायच्या आधीच म्हणाले, “पाठ चुकला, मॅडम. आज परत गिरवायलोय.” या वाक्यानं मला जो आनंद झाला तो सात आठवड्यांनीही झाला नव्हता.

त्याला आता चौदा महिने झाले. विहारात पुन्हा जातात. मागच्या महिन्यात त्यांच्या घरी गेले होते. तिन्हीसांजेला दादा सोप्यात भिंतीला टेकून बसले. आई जवळच विड्या वळत होती. हात थांबवून तिनं विचारलं, “बसायलास व्हय? सूप आत नेऊ?”

“नको आई. असू दे हितंच.”