आधी जुने कागद वाच, मग परताव्याचं गणित मांड

वित्तशास्त्रात संशोधन करायचंय आणि इतिहासाचीही ओढ आहे, मग कशाची निवड करू, असं तू विचारलंस. निवड करूच नकोस. येल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम गोएट्झमन यांची वाटचाल बघ. पदवीला कलेचा इतिहास आणि पुरातत्त्व, पुढे गुंतवणुकीवर संशोधन, आणि या दोन्हींचा धागा त्यांनी कधी तुटू दिला नाही.

त्यांचा आणि फिलिप जोरियन यांचा १९९९चा शोधनिबंध आधी वाच. विसाव्या शतकातले ३९ शेअर बाजार त्यांनी तपासले. महागाई वजा जाता अमेरिकेत शेअरच्या भावांतली वाढ वर्षाला सुमारे ४.३ टक्के, इतर देशांचा मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ०.८! आपण टिकून राहिलेल्या बाजाराचेच आकडे घेतो आणि त्यालाच नियम समजतो. रशियातला बाजार १९१७ नंतर बंद पडला, चीनमधला १९४९ नंतर. ते आकडे कोण मोजणार? मला हा प्रश्न फार उशिरा पडला, तुला आत्ताच पडू दे.

मूळ दस्तऐवज बघायची सवय लाव. नेदरलँड्समधल्या एका पाणी-मंडळाने (बांध आणि पाणी सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेने) १६४८ साली बंधाऱ्याच्या कामासाठी काढलेला, कातड्यावर लिहिलेला कर्जरोखा येलच्या ग्रंथालयात आहे, आणि त्यावर आजही व्याज मिळतं. मुदत नसलेला रोखा म्हणजे काय, ते सूत्रापेक्षा त्या कातड्यावरच्या नोंदी नीट सांगतात.

सांख्यिकी पक्की हवीच. सोबत एखादी जुनी भाषाही शीक.