वाचकांचे प्रश्न : प्राणी नामशेष होण्याची शक्यता कशी मोजतात?

मागील अंकात माळढोकावरील लेखात ‘लहान कळप नामशेष होण्याची शक्यता फार मोठी असते’ असे विधान होते. त्यावर आलेल्या पत्रांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : एखादी जात टिकेल की नाही, याची शक्यता टक्क्यांत कशी काढतात? हा शेवटी तज्ज्ञांचा अंदाजच नव्हे काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अंदाजच आहे. परंतु या अंदाजातील प्रत्येक पायरी उघडपणे मांडावी लागते आणि त्यामुळे कोणता आकडा चुकीचा धरला आहे, हे दुसऱ्या अभ्यासकाला दाखवून देता येते. या पद्धतीला पीव्हीए (पॉप्युलेशन व्हायबिलिटी ॲनालिसिस) म्हणतात. आपण तिला टिकाव-विश्लेषण म्हणू. मादी कितव्या वर्षी प्रजननक्षम होते, वर्षाला किती अंडी घालते, पिलांपैकी किती वर्षभर जगतात, प्रौढांपैकी दरवर्षी किती मरतात आणि त्या अधिवासात जास्तीत जास्त किती प्राणी सामावू शकतात, ही माहिती क्षेत्रीय निरीक्षणांतून गोळा करतात. ती संगणकाला दिल्यावर तो वर्षामागून वर्ष प्रत्येक प्राण्याचे भवितव्य नशिबाच्या सोडतीसारखे ठरवत जातो. समजा, असा शंभर वर्षांचा प्रवास एक हजार वेळा चालवला आणि त्यांतील 340 वेळा संख्या शून्यावर आली, तर शंभर वर्षांत नामशेष होण्याची शक्यता 34 टक्के म्हणायची. रॉबर्ट लेसी यांनी विकसित केलेली ‘व्हॉर्टेक्स’ ही संगणकप्रणाली या कामासाठी जगभर वापरली जाते.

हजार वेळा का, तर लहान संख्येत योगायोगाला अतोनात महत्त्व येते. अमेरिकेतील यलोस्टोनच्या ग्रिझली अस्वलांचा अभ्यास करताना मार्क शेफर यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस या योगायोगांचे चार प्रकार वेगळे केले. पहिला म्हणजे जन्म, मृत्यू आणि लिंग यांतील निव्वळ दैवयोग. दुसरा म्हणजे पाऊस, अन्न, शत्रू यांतील वर्षागणिक चढउतार. तिसरा म्हणजे वणवा किंवा महापुरासारखी आपत्ती. आणि चौथा म्हणजे आनुवंशिक विविधता घटत जाणे. पहिल्याचे गणित कागदावरही करता येते. एका हंगामात पाच पिले जगली, तर पाचही एकाच लिंगाची असण्याची शक्यता सोळात एक आहे. पन्नास पिले असतील, तर ही शक्यता विचारातही घ्यावी लागत नाही. कच्छमध्ये गेल्या काही वर्षांत मोजक्या माळढोक माद्याच आढळत होत्या, नर उरला नव्हता. तेथे पुढे काय होणार, हे सांगायला संगणकाची गरज नव्हती. परंतु कळप वीस-पंचवीसचा असतानाच या दिशेची सूचना मिळणे, हाच टिकाव-विश्लेषणाचा खरा उपयोग आहे.

आपण सोलापूरचे आहात, म्हणून माळढोकाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. 1969 च्या सुमारास देशात या पक्ष्यांची संख्या साधारण 1,260 असावी, असा अंदाज होता. 2008 पर्यंत ती तीनशेच्या आसपास आली आणि त्यानंतरच्या दशकात दीडशेच्याही खाली गेल्याचे अंदाज आले. मादी एका वीणीत बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या माळावर, जमिनीवर. अशा पक्ष्याची जात टिकते ती प्रौढ पक्षी दीर्घकाळ जगतात म्हणून. सुतीर्थ दत्ता, असद रहमानी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिकाव-विश्लेषणातून नेमके हेच पुढे आले, की अगदी लहान कळप फार काळ तग धरणार नाहीत आणि तुलनेने मोठा कळपसुद्धा माणसामुळे होणारे प्रौढ पक्ष्यांचे जादा मृत्यू सोसू शकणार नाही.

हा निष्कर्ष समोर ठेवला, की राजस्थानातील विजेच्या तारांचा प्रश्न एवढा कळीचा का झाला, हे कळते. माळढोक जड आहे, त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तार जवळ आल्यावर त्याला ऐन वेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरच्या वाळवंटात तारांना धडकून वर्षाला सुमारे अठरा माळढोक मरत होते आणि तेथील एकूण संख्या 128 च्या आसपास होती. म्हणजे दर सात पक्ष्यांमागे एक! हा अंदाज दुपटीने फुगलेला आहे असे घटकाभर मानले, तरी उरणारा मृत्युदर वर्षाला एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याला झेपणारा नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये शक्य तेथे तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला होता. सौरऊर्जेची गरज आणि तांत्रिक अडचणी पुढे आल्यावर मार्च 2024 मध्ये त्या आदेशात बदल करून न्यायालयाने प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. माझे मत स्पष्ट आहे: माळढोकासाठी उपलब्ध असलेल्या निधीतील पहिला रुपया तारांवरच खर्च व्हायला हवा, कारण प्रौढ मादीचा एक मृत्यू भरून काढण्यासाठी अनेक यशस्वी वीणी लागतात.

याच गणितामुळे कृत्रिम पैदास केंद्रांचा मार्गही योग्य ठरतो. 2019 पासून जैसलमेर जिल्ह्यात रानातील अंडी उचलून उबवणयंत्रात उबवली जात आहेत आणि 2024 मध्ये तेथे कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्माला आले. रानातील अंडी उचलणे अनेकांना क्रूर वाटते. परंतु रानात बरीच अंडी कुत्री, कोल्हे आणि कावळ्यांच्या तोंडी जातातच, आणि अंडे गमावलेली मादी पुन्हा अंडे घालू शकते. म्हणून अंडे उचलल्याने कळपाची हानी थोडी होते. हाच न्याय लावून प्रौढ पक्षी पकडले असते, तर ते मात्र अक्षम्य ठरले असते.

आता सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याविषयी. 1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र आठ हजार चौरस किलोमीटरहून अधिक होते. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले होते. पुढे ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकातील या गणितात, घालायचे क्षेत्र या दोहोंपैकी एकही नव्हे. माळढोकाला वावरता येईल असे विस्तीर्ण, गवताळ, बिनसिंचनाचे माळरान प्रत्यक्षात किती उरले आहे, एवढाच आकडा उपयोगाचा असतो. उसाखाली गेलेले रान अधिसूचनेत असले, तरी पक्ष्याच्या हिशेबात ते नसते.

प्रश्न : एखादी जात सुरक्षित म्हणण्यासाठी किमान किती प्राणी हवेत? 50 आणि 500 असा नियम वाचनात आला. (प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : अंतःप्रजननाचे, म्हणजे जवळच्या नात्यातील प्राण्यांत होणाऱ्या प्रजननाचे, तात्कालिक दुष्परिणाम टाळण्यासाठी पन्नास आणि दीर्घकाळ आनुवंशिक विविधता टिकवण्यासाठी पाचशे, हा आडाखा 1980 मध्ये इयन फ्रँकलिन यांनी मांडला. तो केवळ आनुवंशिकतेपुरता आहे आणि त्यातील आकडे प्रत्यक्ष प्रजननात भाग घेणाऱ्या प्राण्यांचे आहेत. डोकी मोजून त्याच्याशी तुलना करणे चूक आहे.

शिवाय मोठी संख्या एकाच ठिकाणी असली, तर ती फसवी ठरू शकते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील हीथ हेन हा कोंबडीवर्गीय पक्षी शिकारीमुळे मार्थाज व्हिनयार्ड या एकाच बेटावर उरला होता. 1908 मध्ये तेथे राखीव क्षेत्र झाले आणि संख्या भराभर वाढली. मग 1916 मध्ये ऐन वीणीच्या हंगामात वणवा लागला आणि बऱ्याच माद्या घरट्यांवर बसलेल्याच मेल्या. पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा, शिकारी पक्ष्यांचा उपद्रव आणि पाळीव कोंबड्यांतून आलेला रोग, अशी संकटे कोसळली. शेवटचा नर 1932 मध्ये अखेरचा दिसला. गीरच्या सिंहांविषयी अभ्यासक पुनःपुन्हा इशारा देतात, तो याच कारणाने. तेथील सिंहांची संख्या वाढते आहे ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही 2018 मध्ये गीरमध्ये कॅनाइन डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगाचा उद्रेक झाला, आणि याच रोगाने 1994 मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या जंगलातील सुमारे एक तृतीयांश सिंह मेले होते. सेरेंगेटीबाहेर आफ्रिकेत इतरत्र सिंह होते. आशियाई सिंहांना गीर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाखेरीज दुसरे घर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवण्याचा निर्णय दिला होता. तो अद्याप अमलात आलेला नाही, याचे मला तीव्र दुःख आहे.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर दरवर्षी कासवांची अंडी जपली जातात आणि पिले समुद्रात सोडली जातात. केवळ अंडी वाचवून कासवे वाचत नाहीत, असे ऐकले. मग हा सारा खटाटोप व्यर्थ आहे काय? (एक वाचक, दापोली)

उत्तर : व्यर्थ मुळीच नाही, परंतु तो अपुरा आहे. हे ज्या अभ्यासातून स्पष्ट झाले, तो डेबोरा क्राउज, लॅरी क्राउडर आणि हाल कॅसवेल यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील लॉगरहेड कासवांचे आयुष्य अंडे, लहान पिले, मोठी पिले, प्रौढ अशा टप्प्यांत विभागले आणि प्रत्येक टप्प्यावरील जगण्याचे प्रमाण बदलून पाहिले. त्यांच्या आकड्यांनुसार कासवांची संख्या वर्षाला सुमारे पाच टक्क्यांनी घटत होती. पहिल्या वर्षातील एकही मृत्यू होऊ दिला नाही, असे मॉडेलमध्ये धरले तरीही घट थांबत नव्हती! उलट, वयात येण्याआधीच्या मोठ्या पिलांचे वर्षभर जगण्याचे प्रमाण सुमारे 68 टक्क्यांवरून 77 टक्क्यांवर नेले, तर घट थांबत होती.

यात चमत्कारिक काही नाही. एका घरट्यात शंभराहून अधिक अंडी असतात आणि त्यांतून प्रौढ होणारी कासवे फारच थोडी असतात. लॉगरहेड वयात यायला दोन दशके लागतात. पंधरा-सोळा वर्षांचे कासव बहुतेक संकटे पार करून आलेले असते आणि थोड्याच काळात अंडी घालू लागणार असते. ते कोळंबीच्या जाळ्यात गुदमरून मेले, तर त्याच्या पाठीमागील सारी वर्षे वाया जातात. म्हणून ट्रॉलरच्या जाळ्यात कासवाला बाहेर पडता येईल अशी जाळी आणि झडप बसवण्याचा आग्रह धरला गेला. या साधनाला टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस, म्हणजेच टेड, असे नाव आहे. टेडशिवाय पकडलेली कोळंबी आयात करायची नाही, हा अमेरिकेचा नियम आपल्या मासळी निर्यातदारांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. भारताने अन्य देशांसह त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दादही मागितली होती.

कोकणात मात्र सुरुवात अंड्यांपासूनच होणे रास्त होते. येथे येणारी कासवे ऑलिव्ह रिडले आहेत आणि पूर्वी अनेक किनाऱ्यांवर त्यांची घरटी खणून अंडी नेली जात. नवी पिढीच समुद्रात जात नसेल, तर प्रौढांना कितीही जपले तरी शेवट ठरलेलाच असतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या किनाऱ्यावरील गावात ग्रामस्थांना बरोबर घेऊन जे काम उभे केले, त्याने हे खिंडार बुजवले. आता पुढील पाऊल समुद्रात टाकायला हवे. जाळे कापून कासव सोडून देणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीस सुरू झाली. मॉडेलच्या दृष्टीने पाहिले, तर असे वाचलेले एक मोठे कासव पिलांनी भरलेल्या कित्येक टोपल्यांच्या तोडीचे आहे. या योजनेचे पैसे कोळी बांधवांच्या हाती वेळेवर पडावेत, यासाठी किनाऱ्यावरील गावांनी आग्रही राहायला हवे.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ओडिशात 2021 मध्ये क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक मादी 2025 च्या हंगामात गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पश्चिम किनाऱ्यावरची कासवे आणि पूर्व किनाऱ्यावरची कासवे हे दोन स्वतंत्र समूह धरून केलेले गणित अशा एका नोंदीने पुन्हा तपासावे लागते.

प्रश्न : आकडे अपुरे असतील, तर अशा मॉडेलवर सरकारने किती विसंबावे? आणि आमच्यासारख्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींना त्यात काही स्थान आहे काय? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

उत्तर : बॅरी ब्रूक आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये या पद्धतीची पद्धतशीर पडताळणी केली. दीर्घकालीन नोंदी असलेल्या एकवीस प्राणिसमूहांच्या बाबतीत आधीच्या काळातील आकड्यांवरून मॉडेल बांधले आणि पुढच्या काळात प्रत्यक्ष जे घडले त्याच्याशी ते ताडून पाहिले. भाकिते बऱ्याच अंशी खरी उतरली. त्यावर इतर शास्त्रज्ञांनी घेतलेला आक्षेपही तितकाच ग्राह्य आहे, की इतक्या उत्तम नोंदी फार थोड्या जातींच्या उपलब्ध असतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत अशा गणितासाठी स्वतंत्र निकष आहे; दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत नामशेष होण्याची शक्यता पन्नास टक्के किंवा अधिक असेल, तर जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरते. तरीही बहुतेक जातींचे वर्गीकरण संख्येतील घट आणि अधिवासाचा आक्रस यांवरूनच होते, कारण या निकषाला लागणारी माहितीच नसते.

म्हणून ‘अमुक साली शेवटचा प्राणी मरेल’ असे विधान कोणी मॉडेलच्या आधाराने केले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. दोन उपायांपैकी कोणता अधिक परिणामकारक, या प्रश्नाचे उत्तर मात्र आकडे थोडे मागेपुढे झाले तरी बहुधा बदलत नाही, आणि सरकारला निर्णय घ्यायचा असतो तो याच प्रश्नावर. आकडे पूर्ण होईपर्यंत थांबू, हाही निर्णयच असतो आणि माळढोकाला त्याची किंमत मोजावी लागली आहे.

तुमच्या नोंदींना निश्चित स्थान आहे, फक्त त्या एका विशिष्ट प्रकारे ठेवाव्या लागतात. दिसलेला पक्षी सगळेच लिहितात. न दिसलेला फारसा कोणी लिहीत नाही. संख्या घटते आहे की निरीक्षक कमी फिरत आहेत, हे ओळखण्यासाठी दरवर्षी त्याच वाटेने, त्याच हंगामात केलेल्या फेऱ्यांची तारीख, वेळ, अंतर आणि दिसलेल्या पक्ष्यांची संख्या हवी असते, आणि ती संख्या शून्य असेल तर शून्यच लिहायला हवे. मृत पक्षी आढळल्यास जागेचे अक्षांश-रेखांश, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक आणि छायाचित्र घेऊन, पक्ष्याला हात न लावता, वन विभागाला कळवावे. प्रौढांचा मृत्युदर हा टिकाव-विश्लेषणातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी माहिती असलेला आकडा आहे, आणि तो अशाच नोंदींतून सुधारत जातो.