अर्धवट राहिलेली गोधडी मशीनवर शिवून पूर्ण केली तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की आईंनी सुरू केलेली गोधडी कितीतरी वर्षं कपाटात अर्धी पडून आहे, तर उरलेली मशीनवर मारून मोकळं व्हावं का. मी तरी नकोच म्हणेन. हातकामाचं कौतुक म्हणून नाही हां, कारण साधं आहे, घरातल्या मशीनखाली पाच-सहा थर घातले की सुईखालचे दाते तळाचं कापड ओढतात आणि वरचं मागं राहतं, शेवटाला येईपर्यंत वरच्या साडीच्या चुण्याच चुण्या, आणि मधे कुठं शर्टाची शिवण किंवा काठ लागला की सुई मोडलीच.

मी सांगलीची. आमच्याकडं सासूबाईंची वाकळ (गोधडीलाच आम्ही वाकळ म्हणतो) अशीच राहिली होती. आधी त्यांना मोतीबिंदू, मग २०१९ चा महापूर, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं (धोक्याची पातळीच ४५ आहे), खालच्या खोलीतलं होतं नव्हतं ते सगळं गेलं, वाकळ माळ्यावर ट्रंकेत होती म्हणून वाचली. त्यानंतर पण ट्रंकेतच, कारण घर आधी उभं करायचं का वाकळ शिवत बसायचं. यंदाच्या मे महिन्यात संपली एकदाची.

तुमची उघडल्यावर आधी सुई शोधा. आमच्यात सुई टाक्यात तशीच अडकवलेली निघाली, गंजून दोऱ्याला धरलेली, भोवती तपकिरी डाग. ओढू नका, दोरा दोन्हीकडनं कापून अलगद काढा. डागाला लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवायचं आणि भरपूर पाण्यानं धुवून टाकायचं, गंज राहिला तर तिथलं सुती कापड खातो.

आता खरी अडचण सांगते, जी शिवायला बसल्याशिवाय कळत नाही. आपल्या गोधडीला दोरा कडेनं घालत घालत चौकोनात आत येतात ना, म्हणजे अर्धी राहिलेली असेल तर कडा झालेल्या आणि मधलं राहिलेलं, आणि प्रत्येक फेरीला थोडं थोडं ढिलं कापड आत ढकललं जातं ते सगळं तिथं मधे येऊन साचतं. फुगाच होतो. तसंच पुढं रेटलं तर मधोमध कायमचा गोळा बसतो, पाठीला टोचतो. म्हणून शेवटच्या दोन-तीन फेऱ्या सरळ उसवा. जिवावर येतं, त्यांच्या हातचं आहे म्हणून, पण उसवा. मग फरशीवर पसरून कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, काय जड असेल ते ठेवा, तळहातानं सगळ्या बाजूंना सारखं करा, आतलं एखादं धोतर जास्तच दुमडलं असेल तर तेवढं कातरून टाका, आणि मग मोठे मोठे कच्चे टाके. घाई करायची नाही हितं. मधे आधी अधिक चिन्हासारख्या दोन ओळी घातल्या की ढिलेपणा चार भागात वाटला जातो, आम्ही तेच केलं.

आतलं कापड विरलंय का ते उजेडाकडं धरून बघा, अंगठ्यांनी हलकं ताणून बघा. इरकल लुगडं असेल तर त्याचा पदर रेशमी आणि अंग सुती, दोन्ही सारखं झिजत नाही, पदर आधी जातो. आमच्या वाकळेत वरच पदर होता, जिथं फाटत होता तिथं एका जुन्या परकराचं ठिगळ लावलं. चांगलं दिसतं उलट.

दोरा सुतीच घ्या. दुकानदार पॉलिस्टरचा देतात, पक्का आहे म्हणतात, पण जुन्या मऊ कापडात पक्का दोराच कापड कापतो. एका वेळी हातभरच ओवायचा, लांब घेतला की गुंता. ओळींमधे बोटभर अंतर ठेवा, जास्त सोडलं तर धुतल्यावर आतलं कापड सरकून बोळे होतात.

टाके आईंसारखे येणार नाहीत, नका प्रयत्न करू. सासूबाईंचे तांदळाएवढे, माझे त्याच्या दुप्पट, कुठून कुठं कोणाचं ते लांबून कळतं. कळू दे की.

मजुरीनं शिवून देणाऱ्या बायका आमच्या भागात अजून आहेत, पण दुसऱ्याचं अर्धं काम घ्यायला कुरकुरतात, नवीनच घाला म्हणतात. जमलंच तर उसवायचं आणि कच्चे टाके घालायचं काम तुम्ही करा, नुसता दोरा घालायला द्या.

आणि झाल्यावर धुवायची घाई पावसाळ्यात करू नका, आतून वाळत नाही, वास धरते. कडक ऊन बघून टबात भिजवा, पिळू नका, आणि गॅलरीतल्या दोरीवर तर अजिबात टाकू नका, ओली गोधडी दोघांना उचलत नाही, दोरी खाली येईल. गच्चीच्या कठड्यावर टाका.